देवीचे वण आणि मी

मित्रांनो, वणीच्या एका फोटो स्टुडिओतला मी जुना फोकस दिवा आहे. अंगाने लहान, पत्र्याचा, पण तोंडावर जाड भिंग. माझ्या पोटातला बल्ब दांडीने भिंगाजवळ सरकवला की उजेड पसरतो, मागे ओढला की एका जागी गोळा होतो. कारखान्यातून निघालो तेव्हापासूनच मी घाबरट. तापलेला असताना कुणी हलवले तर बल्बची तार तुटेल, ही धास्ती अजून गेलेली नाही.

१९५७ साली मालक लखीरामभाऊंनी मला नागपूरहून आणले. लग्नाच्या मुली नटूनथटून फोटो काढायला येत. एखादीच्या तोंडावर देवीच्या आजाराचे वण असले, की भाऊ मला अगदी समोर ठेवत, उजेड पसरवत आणि पुढे पातळ कागद लावत. फोटोत वण दिसतच नसत. लोक वाहवा करत आणि मीही फुगून जाई.

१९६१ च्या उन्हाळ्यात राजूरच्या कोळसा खाणीतले डोमाजी आपल्या लेकीला, सत्यशीलेला घेऊन दुसऱ्यांदा आले. या वेळी तिच्यासाठी पाहिलेला मुलगा बल्लारशाला नोकरीवर होता. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आधी फोटो मागवला होता.

"भाऊ, मांगच्या खेपेले तुमी माहे वण झाकले," सत्यशीला म्हणाली. "पाव्हणे घरी आले. एकदा फोटो पाहे, एकदा मले पाहे. चहा बी न घेता उठले. आता जशी हाय तशी काढा."

"काहून जिद्द करून राह्यली पोरी?" डोमाजी म्हणाले. "हे बी ठिकाण हातचं जाईन."

"जाईन तर फोटो पाहूनच जाऊ द्या, बाबा. घरी येऊन नोको."

भाऊंनी माझ्यापुढचा कागद काढून टाकला, मला एका बाजूला उभे केले आणि उजेड गोळा केला. तिच्या गालावरचा एकेक वण उठून दिसू लागला. मला वाटले, आपणच या पोरीचे लग्न मोडतो आहोत. माझी तार तुटावी आणि फोटोच होऊ नये, असेही मनात आले. पण तार तुटली नाही. फोटो झाला आणि टपालाने गेला.

पुढे कितीतरी दिवस दार वाजले की मला वाटे, नकार घेऊन डोमाजीच आले. एका दुपारी एक बाई तोच फोटो हातात घेऊन आत आली. पदर इतका पुढे ओढलेला, की तोंड दिसेना.

"हा फोटो इथंच काढला काय?"

भाऊ कसेबसे हो म्हणाले.

"मी पोराची माय, रुखमाबाई. पोरगी पसंत हाय आमाले." ती खुर्चीवर बसली आणि तिने पदर मागे सारला. तिचेही सारे तोंड वणांनी भरलेले होते. "घरच्या फोटोत मले सदा सगळ्याइच्या मांगं उभं करत. माहा बी सुनेसारखाच फोटो काढून द्या."

भाऊंचा हात सवयीने कागदाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

मित्रांनो, आता मी खोक्यात पडून असतो. माझ्यासारखा एखादा दिवा तुमच्या हाती आला, तर तापलेला असताना त्याला हलवू नका. आणि पुढे माणूस येऊन बसला, की उजेड टाकण्याआधी त्याला विचारा, तुम्हाला कसा हवा.