घरातला शेवटचा वाढदिवस

"घरात सगळ्यात अलीकडे वाढदिवस कोणाचा झाला?" फोनवरच्या बाईने विचारलं आणि एवाल्ड ब्रिंकमनचे कान टवकारले.

सैन्याबद्दल लोकांना काय वाटतं याची पाहणी आहे, असं ती म्हणाली होती. ज्याचा वाढदिवस नुकताच झाला त्यालाच प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत. एवाल्डला ती मुळीच पटली नाही. शाळेची राखण करण्यात हयात गेलेला माणूस. काच कोणी फोडली हे विचारण्याआधीच तो तिघांवर संशय घेऊन मोकळा व्हायचा. त्यातून फोनवर गोड बोलून म्हाताऱ्यांना लुटतात, हे जर्मनीतल्या त्सेले गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वाढदिवस झाला होता त्याच्या लेकीचा, इम्केचा. ती सैन्यात सार्जंट. रशियाला लागून असलेल्या लिथुआनियातल्या जर्मन तुकडीत जायचं की नाही, हे तिने सोमवारपर्यंत कळवायचं होतं. सक्ती नव्हती. रजेचा अख्खा आठवडा बापलेकीची यावरून जुंपली होती. बायको गेल्यापासून घरात दोघंच. तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू, असं एवाल्डने काल तोंडावर विचारलं, तेव्हा इम्के नमली होती. नकार कळवते म्हणाली होती.

आणि आज नेमका हा फोन, नेमका तिच्यासाठी? छावणीतूनच चाचपणी चाललीय, एवाल्डने ताडलं. पोरगी कच खातेय, तिला घरून कोण फितवतंय ते बघताहेत.

"माझाच झाला," त्याने ठोकून दिलं.

मग बाईने विचारलं, मित्रदेशावर हल्ला झाला तर आपलं सैन्य मदतीला पाठवावं का?

"पाठवावं की," एवाल्ड खणखणीत आवाजात म्हणाला. "शब्द दिलाय ना आपण? माझी पोरगी गेली तरी मी अडवणार नाही."

बाईने आभार मानून फोन ठेवला. पोरीच्या नोकरीवरचं बालंट टाळलं म्हणून एवाल्ड स्वतःवर खूश होता. वळला तर जिन्यात इम्के उभी. डोळे भरलेले.

"आठवडाभर डोकं खाल्लंस माझं," ती म्हणाली. "आणि मनातलं सांगितलंस ते परक्या बाईला. मला सांगायला काय होत होतं रे, बाबा?"

सगळं खोटं होतं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण ती हसत होती. आई गेल्यापासून ती इतकं मोकळं हसली नव्हती, आणि ते हसू आपल्या हाताने पुसायचा त्याला धीर झाला नाही.

तिने तिथूनच आपल्या अधिकाऱ्याला फोन लावला. एवाल्ड स्वयंपाकघरात गेला. हो, येतेय मी, ती सांगत होती, वडिलांची काही हरकत नाही. त्याने पावाचे काप काढले आणि तिच्या कापांना अगदी कडेपर्यंत लोणी लावत बसला.