बिनटोकाचा चाकू

माझ्याच घरातले चाकू कुलपात आहेत आणि किल्ली माझ्या लेकीच्या गळ्यात. गळ्यात म्हणजे खरंच गळ्यात, साखळीत ओवलेली. लहान पोरांपासून फिनेलची बाटली लांब ठेवतात तसे माझ्यापासून चाकू लांब ठेवलेत. मी स्वतःच्या हाताने चाकू करणारी बाई, आणि मला कांदा चिरायची परवानगी नाही. लोकांना हसू येतं ऐकून. मला येत नाही.

आजार मोठा होता. औषधांनी तो गेला, पण जाताना माझ्या बोटांच्या टोकांतला जीव घेऊन गेला. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही, काही कळत नाही. एकदा दुपारी मी कांदा चिरत होते आणि लेक आत आली ती किंचाळलीच. ओटा लाल झाला होता आणि मी आपली चिरतेच आहे. टाके पडले. त्याच संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं. तेव्हापासून भाजी चिरूनच येते, पिशवीतली, ओलसर, कसलीच चव नसलेली. मी ती गिळते आणि लेकीच्या नावाने बोटं मोडते. बधिर असली तरी मोडता येतात.

लेक वाईट नाही. माझ्यासाठी स्वतःचं बिऱ्हाड आवरून इथे येऊन राहिली आहे, रात्री दोनदा उठून माझ्या खोलीत डोकावते. पण माया आणि पहारा यात फरक असतो, तो तिला कोण सांगणार? मी सांगितला, तर म्हणाली, "आई, तू आधी गोळी घे."

पूर्वी मी टायपिंगचा क्लास चालवायचे. अजून सगळे मला बाई म्हणतात ते त्यामुळेच. कळांकडे मान घालून बघणाऱ्याच्या हातावर मी पट्टी मारायचे. बघायचं नाही, बोटांना कळलं पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. क्लास बंद पडला, मशीनं भंगारात गेली आणि हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मी चाकूंच्या नादी लागले. मग तसलेच नादिष्ट आणखी भेटत गेले. दातांचे डॉक्टर भेटले, त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. बेकरीवाला भेटला. वर्षातून एकदा आम्ही नवशिक्यांना बोलावतो. सकाळी येताना प्रत्येकाच्या हातात पोलादाची पट्टी, संध्याकाळी जाताना चाकू. हे शिबिर मी सुरू केलं, आणि त्यातलं शेवटचं, नाजूक काम, खरखरीत पट्टा गरगर फिरतो त्या मशीनवर धार काढायचं, ते पहिल्यापासून माझं. मशीनही माझंच.

यंदाच्या बैठकीत डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही असं करा, नावं लिहून घ्या, चहापाण्याचं बघा. मशीनवर मी बसतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, चहा ओतायला पण बोटं लागतात," मी म्हटलं. "पोळलं तर मला कळायचं नाही. त्यापेक्षा मशीनच बरं."

त्यांनी विषय सोडला. बैठकीला सोबत आलेली लेक सोडणाऱ्यातली नाही. घरी आल्यावर तिने सगळं काढलं. टाके, दवाखाना, माझं वय, शेजारणीची आई जिन्यावरून कशी पडली ते. शेवटी मी म्हटलं, "तू पण ये. स्टूल टाकून समोर बस. काही बिघडलं तर मशीन विकून टाक आणि किल्ली कायमची तुझी. नाही बिघडलं तर किल्ली माझ्या हातात द्यायची."

"काही म्हणजे काहीही?"

"काहीही."

माझ्या जिभेला हाड नाही, पण दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे ती लहानपणापासून जाणते. म्हणून लगेच हो म्हणाली.

त्या दिवशी शेड भरली होती. नवशिक्यांत शिवणकाम करणारी एक ठेंगणी बाई होती, एक बसचालक होता, आणखी चारपाच जण. लेक कोपऱ्यात स्टूलवर, मांडीवर पर्स, तुरुंगाच्या दारावर बसवल्यासारखी. सकाळी डॉक्टरांनी भट्टी पेटवली. पातं लालबुंद तापवायचं आणि झटकन बुडवायचं. लोहार याला पाणी पाजणं म्हणतात. आमच्या पोलादाला पाणी सोसत नाही, तडा जातो, म्हणून आम्ही त्याला कोमट तेल पाजतो. मग त्यावर कानस फिरवून बघायची. ती चावली नाही, नुसती घसरली, की पातं कडक झालं. पण इतकं कडक की फरशीवर पडलं तर फुटेल. म्हणून पाती बेकरीत जातात. पावांचा घाणा निघाला की त्याच ओव्हनमध्ये ती शेकतात आणि वाळल्या गवताच्या रंगाची होऊन परत येतात. रंग तिथेच थांबला पाहिजे. पुढे निळा चढला तर पातं मऊ पडलं, मग त्याला धार राहत नाही.

आणि घोडं अडतं ते माझ्या मशीनपाशी. पट्टा घासला की पातं तापतं, आणि पातळ कडेला तर डोळे मिटून उघडेपर्यंत निळं होतं. म्हणून माझा पहिला नियम: हातमोजे नकोत. उघड्या बोटांनी धरा. चटका बसला की शेजारच्या बादलीत बुडवा, एवढ्याशा तापण्याला पाणी चालतं. दरवर्षी हे सांगते आणि दरवर्षी बेकरीवाला एक पातं निळं करतो आणि माझ्या शिव्या खातो. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" हे वाक्य मी त्याला इतक्या वेळा ऐकवलंय की तो माझ्याआधी म्हणतो.

तर मी डोळ्यांवर चष्मा चढवला, केस बांधले, पातं घेतलं आणि सगळ्यांना दाखवायला बसले. हात स्थिर होता. हात माझा पहिल्यापासून स्थिर. मी बोलत होते, ठिणग्या उडत होत्या, लोक पुढे सरकून बघत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. आजारानंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काळजीने न बघता नुसतं बघत होतं. बोटांना चटका बसेल तेव्हा थांबायचं, हे मी तोंडाने सांगत होते.

"अय्या, किती सुंदर निळा आला," शिवणकामवाली म्हणाली.

मी मशीन बंद केलं. टोकापासून दोन बोटं पातं निळंभोर झालं होतं. बेकरीवाल्याने खाली बघितलं. डॉक्टर तेवढ्यात पुढे आले आणि नव्या लोकांना म्हणाले, "हे बाईंनी मुद्दाम करून दाखवलं हं. असं होऊ द्यायचं नाही."

भला माणूस. पण माझी लाज झाकायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

"मुद्दाम नाही," मी म्हटलं. "चुकलं माझं. माझ्या बोटांना गरम कळत नाही. कळेल असं वाटलं होतं, नाही कळलं."

लेक उठली. रागाने उठली असती तर मी भांडले असते, पण तिचे डोळे भरले होते. गळ्यातली साखळी मुठीत धरून ती म्हणाली, "आई, चल आता. झालं ना?"

"बस खाली," मी म्हटलं. "हे पातं माझं आहे. अर्धं टाकून मी कुठे जात नसते."

मग बेकरीवाला खाकरला. "बाई, एक सांगू? मलाही कधीच नाही कळलं."

"काय?"

"चटका. जन्म ओव्हनपुढे गेला, हातांची चामडी झाली नुसती. तुम्ही म्हणता चटका बसला की बुडवा. मी वाट बघतो. तो बसतच नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

कुणीतरी फिसकन हसलं. शिवणकामवालीने आपली बोटं वर केली, सुयांनी भोकं पडून कडक झालेली, आणि म्हणाली, "माझीही तशीच आहेत. मग मला पण नाही जमणार का?"

मला राग आला. तिचा नाही, बेकरीवाल्याचाही नाही. मऊ, शाबूत बोटांच्या माणसाला जमणारा नियम मी सगळ्यांच्या डोक्यावर मारत होते, आणि जमलं नाही की त्यालाच झापत होते. आणि आज त्याच नियमाने मला घरी धाडायला काढलं होतं. नियमाची ही हिंमत?

रागाच्या भरात मी ते निळं पातं बादलीत खुपसलं आणि वर काढलं. त्यावर पाणी होतं. कडेने थेंबांची ओळ लागली होती. मी बघत राहिले. थेंब आहेत तोवर पातं गार असणार, नाही का? थेंब सुकायला लागले म्हणजे तापत चाललं. हे बोटांनी कशाला कळायला हवं? डोळ्यांना दिसतंय की.

"मशीन चालू करा," मी म्हटलं. "आणि बघा. सगळ्यांनी नीट बघा." बघणाऱ्यांना पट्टी मारण्यात माझा जन्म गेला, आणि हे मीच म्हणत होते.

निळं झालेलं पोलाद परत कडक होत नाही. ते काढूनच टाकावं लागतं. मी टोक घासून उडवायला घेतलं. जरा घासलं की बुडवायचं, वर काढायचं, थेंब बघायचे, परत घासायचं. गोगलगायीच्या चालीने. चष्म्यावर पाणी उडत होतं, मला मधूनच धूसर दिसत होतं. लेकीने कधी स्टूल पुढे ओढलं ते मला कळलं नाही. एकदम कानाशी आवाज आला, "सुकलं." मी पातं बुडवलं. "सुकलं." परत बुडवलं. आवाज तिचाच, गोळी घे म्हणणारा. पण या वेळी मला तो चालला.

उरलेल्या दुपारी शेडमध्ये तोच एक शब्द चालला होता. एक जण घासणार, दुसरा थेंबांवर नजर ठेवून "सुकलं" म्हणणार. बसचालकाचा आवाज तर गल्लीपर्यंत गेला असेल. एकही पातं निळं झालं नाही. बेकरीवाला आपलं पातं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी परत परत बघत होता. मी त्याला म्हटलं, "लक्ष होतं आज तुझं." त्याने मान वळवली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

मुठी बसल्या, दगडावर शेवटची धार झाली. नव्या चाकूने पहिला काप सगळ्यांसमोर पावाचा काढायचा, ही आमची पद्धत. माझी पाळी आली तशी लेक मला अडवायला पुढे झाली. पण बेकरीवाला मध्ये आला. "बाई, टोकं आत वळवा. सांधे पुढे. पात्याची बाजू सांध्यांना टेकू द्या. आम्ही तसंच कापतो."

मी बोटं आत वळवली. पातं मधल्या सांध्यांना टेकलं आणि मला ते गार लागलं. खरंच लागलं. टोकं मेली होती, सांधे जिवंत होते, आणि इतके महिने मला कुणी विचारलंही नव्हतं. मी पाव कापला. काप पातळ पडला.

घरात शिरल्यावर लेकीने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आई, पातं बिघडलं. बोलल्याप्रमाणे किल्ली माझ्याकडे राहणार."

"राहू दे."

"मशीनचं आपण नंतर बघू."

"बघू."

मी इतक्या सहज ऐकलं म्हणून ती चपापली. ती मला अंतर्बाह्य ओळखते, तरी तिला वाटलं, आई हरली. मी पिशवीतून माझा चाकू काढला. आखूड, टोक नसलेला, दिसायला अगदी ध्यान. ओट्यावर चिरायची फळी ठेवली, तिच्यावर कांदा ठेवला.

"आई."

"कपाटातले सगळे तुझे," मी म्हटलं. "हा कपाटातला नाही. हा मी आज केला. याला कुलूप लावायचं असेल तर माझ्या हाताला लाव."

"मला अजून ते रक्त दिसतं," ती म्हणाली. "तू बोलत होतीस, हसत होतीस, आणि खाली सगळं लाल. डोळे मिटले की दिसतं."

"मलाही दिसतं. मलाही भीती वाटते, बाळा. पण भिऊन मी पिशवीतली भाजी खाणार नाही. मरेपर्यंत नाही."

तिने हात पुढे केला, चाकू काढून घ्यायला, आणि मी पकड घट्ट केली. सोडणार नव्हते. ती माझी पोटची पोर, पण सोडणार नव्हते. मग तिचा हात खाली गेला. मी बोटं आत वळवली, सांधे पुढे घेतले आणि चिरायला लागले. हळू. एकेक काप बघून.

ती माझ्या खांद्याशी उभी राहिली, नजर माझ्या हातावर. अर्धा कांदा झाला तेव्हा माझं करंगळीचं टोक जरा बाहेर आलं.

"करंगळी," ती म्हणाली.

मी करंगळी आत घेतली. कांदा संपला. तिने टोपलीतून दुसरा काढला, सोलला आणि माझ्यासमोर फळीवर ठेवला.