एक काळी गोटी

आमची फ्रीमेसन मंडळींची लॉज, म्हणजे आमच्या बंधुसभेची जागा, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. पाटी वाचून अजूनही कुणीतरी बॅग घेऊन जिना चढतं आणि विचारतं, "एक खोली मिळेल का?" शंभर वर्षांत इथे गवंडी, शिंपी, वकील, पोस्टमन असे सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणत शेजारी बसले. एखादा बंधू गेला, तर त्याच्या मुलांकडे बाकीचे बघायचे. अशा मुलांना मी मागच्या खोलीत गणित शिकवत असे. आमच्यातल्याच सुतारबुवांचा मुलगाही त्यांच्यात येऊन बसे. त्याला अर्धा आणि पाव कळेना, तेव्हा मी त्याच्या बापाची मोजपट्टी आणून त्याच्या हातात दिली होती.

तो मोठा झाला आणि वायरमन झाला. "रंध्याला हात लावायला लाज वाटते का रे?" यावरून बापलेकात जुंपली, तो घर सोडून गेला आणि सहा वर्षं दोघं बोलले नाहीत. आई गेली तेव्हा तो परत आला. मग एक दिवस म्हणाला, "बाबा, तुमच्या लॉजमध्ये मला घेतील का?" सुतारबुवांनी हे मला एकाच आठवड्यात चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा नव्यानं.

रविवारी दुपारी मतदान ठेवलं होतं. एके काळी साठ खुर्च्या कमी पडत. आता आम्ही नऊ जण उरलोय. रिवाजाप्रमाणे खिडक्या बंद करून दिवे लावले. टेबलावर पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांची वाटी, शेजारी भोक असलेली पेटी. पांढरी गोटी म्हणजे होकार. एक जरी काळी निघाली, तरी उमेदवार परत जातो. कुणी काय टाकलं हे बोलायचं नाही, अशी आम्ही शपथ घेतलेली असते.

सुतारबुवांच्या मागे माझा नंबर होता. त्यांचा मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. ऑपरेशनचं काढलं की म्हणत, "मास्तर, लाकूड मला हाताला दिसतं. डोळे काय करायचेत?" त्यांनी वाटीतून गोटी उचलली. ती काळी होती. मला नीट दिसली. काही सुचायच्या आत ती पेटीत पडलीसुद्धा.

पेटी उघडली. आठ पांढऱ्या, एक काळी.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. सुतारबुवा मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, घरात चोर शिरल्यासारखे.

"कुणाच्या हातून चूक झाली असेल, तर त्यानं उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले. खालचं औषधाचं दुकान त्यांचंच. "म्हणजे एकदा पुन्हा मत घेता येईल. एकदाच."

मी उभा राहिलो. "चूक माझी."

"आमच्याकडे चष्मेही मिळतात हो, मास्तर!" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे सुटल्यासारखे हसले. सुतारबुवांनी माझा हात दाबला.

मी म्हणालो, "दिवा जरा वाटीजवळ सरकवा." आपण फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं. माझ्या आईलाही मोतीबिंदू होता. समोर दिवा आला की तिला सगळं धुरकट व्हायचं, ती कपाळावर हात धरायची. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. दिव्यासमोर सुतारबुवांनी डोळे मिचकावले, वाटीत चाचपलं आणि पुन्हा काळी उचलली.

पेटीतून पुन्हा एक काळी निघाली. आता काही उरलं नव्हतं. अध्यक्ष बाहेरच्या खोलीत गेले. तिथे मुलगा वडिलांचा कोट घालून बसला होता.

सुतारबुवा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पहिली चूक. आणि दुसरी?"

काय सांगणार होतो? सहा वर्षांनी घरी आलेल्या पोराला तुम्हीच दोनदा दारातून परत पाठवलंत, हे?

"तुम्ही शिकवलंय त्याला, मास्तर. एवढा कसला राग?"

"होता जुना," मी म्हणालो.

मुलांना मी नेहमी सांगतो, उत्तर चुकलं तर खोडा, लपवू नका. ते वाक्य पुन्हा त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं म्हणणार, कोण जाणे.

सुतारबुवांनी लॉजच्या सभासदाचा कमरेचा पांढरा एप्रन सोडला, घडी केली आणि खुर्चीवर ठेवला. चाळीस वर्षं ती खुर्ची माझ्या शेजारी होती. दारात मुलगा आला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चला बाबा, घरी जाऊ. पायरी सांभाळा," म्हणत त्यानं बापाचा कोपर धरला. दोघं एकेक पायरी उतरत गेले.

मग बाकीचे निघाले. अध्यक्षांनी दिवे मालवले आणि खिडक्या उघडल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. जाताना मला 'चला' कुणी म्हणालं नाही.