"हं" म्हटल्यावर

मिस्त्री ट्रकखाली उताणा झोपला होता आणि त्याच्या नाकासमोर पुन्हा बुडबुडे आले. नळीच्या टोकाला ब्रेक ऑइलमागून एक, दोन, मग एकदम पाच-सहा. म्हणजे पाइपात अजून हवा होती. सकाळपासून त्याने चारही चाकं उघडली होती, नवी रबरं घातली होती, गंजलेला पाइप बदलला होता, आणि हवा काही निघायचं नाव घेत नव्हती.

"पेडल कसं आहे?" त्याने खालून विचारलं.

"लोणी," वरून उत्तर आलं. "पाय ठेवला की थेट तळाला."

वर केबिनमध्ये बसलेली पोरगी ट्रकची मालकीण होती. वय तेवीस. ट्रक तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बाप गेला, ट्रक तिच्या नावावर झाला, तेव्हा आत्याने स्पष्ट सांगितलं, "भंगारात घाल आणि मोकळी हो." मोकळी होण्याऐवजी पोरगी दुकानातली नोकरी सोडून बसली आणि एका रोपवाटिकेची रोपं, कुंड्या, मातीची पोती पोचवायचं काम धरून आली. पण ट्रक तपासणीत नापास झाला. ब्रेक. पंधरा दिवसांची मुदत मिळाली, ती आज संपत होती. चार वाजता पुन्हा तपासणी, आणि त्यातही नापास झाला तर नंबर रद्द. मग आत्याचं म्हणणं आपोआप खरं होणार होतं.

तशी गाडी वाईट नव्हती. इंजिन बोलत होतं, दिवे लुकलुकत होते, हॉर्न तर अख्ख्या गल्लीला जाग आणत होता. थांबायचं तेवढं तिला जमत नव्हतं.

"पुन्हा घेऊ," मिस्त्री म्हणाला. "दाब!"

वर पेडल तीनदा खालीवर झालं.

"धर!"

"धरलं."

त्याने चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ बोल्टला, पाना लावला आणि अर्धा आटा फिरवला. ऑइल चिरकन बाहेर आलं. "सोडलं," तो म्हणाला. मग पाना उलटा फिरवून निपल घट्ट केलं. "हं."

पुन्हा दाब, पुन्हा धर. पुन्हा सोडलं, पुन्हा हं. आणि पुन्हा बुडबुडे.

मिस्त्री कोपरांवर सरकत बाहेर आला. अंगाला माती, कपाळाला ऑइल. त्याने चिंधीने हात पुसले आणि नंतरही ते तसेच समोर धरून बघत राहिला. पेडलच्या पुढचं सिलिंडर त्याने आज दोनदा खोललं होतं. रबर उलटं तर बसवलं नाही ना? चष्म्याशिवाय वॉशर तर विसरला नाही ना? चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच त्याच्या मनात येत होतं. बिघाड गाडीत आहे की हातांत, हे त्याला कळेनासं झालं होतं.

"सव्वा वाजला, काका," पोरगी खाली उतरली.

"मला घड्याळ दिसतं."

"मग?"

"मग काय? सिलिंडर मेलं असेल. नवीन आज मिळायचं नाही." तो पुन्हा हात पुसायला लागला. "आत्याला विचार, तो भंगारवाला कुठला ते."

पोरगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तोंड काही मागे राहिलं नाही. "पंधरा दिवसांपूर्वी छाती ठोकून कोण म्हणालं होतं, तुझ्या बापाची गाडी मी रस्त्यावर आणतो म्हणून? मी तर तुम्ही सांगाल तसं करतेय. दाब म्हटलं की दाबते. धर म्हटलं की पाय दुखेपर्यंत धरते. सोडलं म्हटलं की त्याच क्षणी पाय उचलते. अजून किती पटकन उचलू?"

मिस्त्रीचा हात चिंधीतच राहिला.

"काय म्हणालीस?"

"पटकन उचलते म्हणाले."

"कधी उचलतेस?"

"सोडलं म्हणता तेव्हा."

"अगं बाई! मी निपल सोडलं! तू नाही सोडायचं!"

"मग मी कधी सोडायचं?"

"हं म्हटल्यावर!"

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. "हं? ते हं होय? मला वाटलं तुमची कंबर दुखतेय."

मिस्त्री मडगार्डला टेकला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. निपल उघडं असताना पाय वर आला, की पेडल हवा आत ओढतं. सकाळपासून तो हवा काढत होता आणि पोरगी इमानेइतबारे परत भरत होती.

"तुझ्या बापाला हे कधी सांगावं लागलं नाही," तो म्हणाला.

"बाबांना तुमचं हं कळायचं."

"सव्वीस वर्षं." त्याने चिंधी खांद्यावर टाकली. "मीच सांगायला हवं होतं तुला. चूक माझी. चढ वर."

या वेळी शब्द पोरगीने ठरवले. निपल सैल झालं की "उघडलं". घट्ट झालं की "पाय काढ". तिसऱ्याच फेरीला सवयीने मिस्त्रीच्या तोंडून "हं" गेलं, तशी वरून हाक आली, "काका, कंबर की पाय?"

"पाय, पाय! काढ!"

सगळ्यांत लांबचं चाक आधी, मग त्याच्या शेजारचं, मग पुढची दोन. बुडबुडे विरळ झाले, सुटे झाले, आणि शेवटी नुसती ऑइलची धार, मधासारखी सलग. शेवटच्या चाकाला पोरगी एकदम ओरडली, "काका, पेडल दगड झालं!"

चार वाजता केंद्राच्या पटांगणात तपासणी अधिकारी तिच्या शेजारी बसला. मिस्त्री भिंतीशी उभा राहिला, जीव मुठीत धरून, चाकांवर नजर लावून. ट्रक वेगात आला, पांढऱ्या रेघेशी पोरगीने पाय दाबला, चारही टायर एकदम ओरडले, आणि गाडी नाकासमोर सरळ उभी राहिली. अधिकाऱ्याची टोपी मात्र पुढच्या काचेवर गेली. ती उचलून त्याने आधी झटकली, मग कागदावर सही केली.

पोरगी धावतच आली. "एक वर्ष, काका!"

"बघू." मिस्त्रीने कागद हातभर लांब धरून वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि घडी करून तिला परत दिला. "पुढच्या वर्षी खाली तू झोपायचं. पाना कसा धरायचा ते शिकवतो. पेडलवर मी."

"आणि ओरडायचं कोणी?"

"जो खाली झोपतो तो ओरडतो," मिस्त्री म्हणाला, आणि केबिनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.