फळ्या मागितल्या होत्या

मी बाक बोलतोय. बसा, उठू नका. साठ वर्षं लोक माझ्यावर बसून बोलले, आता माझी पाळी आहे.

माझा जन्म एका श्रीमंत देशातल्या प्रार्थनाघरासाठी झाला. लाकूड असं टणक, की सुताराच्या दोन करवती बोथट झाल्या. त्यानं दिलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. आम्ही एकूण चाळीस भावंडं. प्रत्येकाच्या पाठीवर एक पितळी पट्टी, ‘अमक्याच्या स्मरणार्थ’. माझ्या पट्टीवर एका घड्याळजींचं नाव होतं. त्यांची नात लहानपणी माझ्या डाव्या टोकाला पाय हलवत बसायची. केस पांढरे झाले तरी तिनं जागा सोडली नाही.

मंडळी मनानं चांगली हो, खोटं कशाला बोलू? जगातल्या गरिबांसाठी दर आठवड्याला डोळे मिटून प्रार्थना करायची. एकदा धर्मगुरू म्हणाले, नुसती प्रार्थना पुरे झाली. दूर देशातलं एक गाव भागीदार करून घेऊ आणि तिथली गरिबी मुळासकट संपवू. टाळ्यांचा कडकडाट झाला. समिती झाली, मग उपसमिती. चहाबरोबर काय ठेवायचं यावरच उपसमितीच्या दोन बैठका झाल्या, त्याही माझ्यावर बसून.

मग त्या गावाचं पत्र आलं. चिटणीसबाईंनी मोठ्यानं वाचलं, “विहीर खणतोय. जमीन वाळूची आहे, कडा ढासळतात. परवा खणणारा छातीपर्यंत गाडला गेला, दोरीनं ओढून काढला. कडांना आधार द्यायला जाड फळ्या हव्यात. बाकी आमचं आम्ही बघतो.”

सगळे जरा नाराजच झाले.

“नुसत्या फळ्या?” अध्यक्ष म्हणाले. “फार रुक्ष वाटतं हो ते. भागीदारी म्हणजे नातं असतं.”

त्याच आठवड्यात प्रार्थनाघरात मऊ खुर्च्या येणार होत्या. जुन्या बाकांचं काय करायचं हा मोठाच पेच होता, कारण भंगारात टाकायचे म्हटलं तर कुणाचे आजोबा आधी टाकायचे? अध्यक्षांची ट्यूब पेटली. “बाक पाठवू! लाकूडच आहे ना ते? शिवाय बसायलाही होतील.”

“पण त्यांनी फळ्या मागितल्यात,” नात म्हणाली.

“अहो ताई, प्रेमानं देतोय आपण!” ते म्हणाले, आणि विषय संपला.

तीन महिने जहाजात कुबट वासात काढून आम्ही त्या गावात पोचलो. तिथल्या लोकांनी आम्हाला विहिरीजवळच्या छपराखाली ओळीनं मांडलं. गावच्या मास्तरांनी पट्ट्या वाचल्या आणि सांगितलं, “ही सगळी वारलेली माणसं आहेत. या त्यांच्या जागा.”

झालं! मेलेल्या पाहुण्यांच्या जागेवर कोण बसणार? रोज सकाळी कुणीतरी आमची धूळ पुसायचं आणि सगळे समोर जमिनीवर बसायचे. गावचा सुतार एकदा करवत घेऊन आला. माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “लाकूड सोन्यासारखं आहे. पण कुणाच्या बापजाद्यावर करवत कशी चालवू?” आणि गेला की परत! मला ओरडावंसं वाटत होतं, चालव बाबा, चालव!

गावानं आभाराचं पत्र आणि फोटो पाठवला. समितीचं उत्तर आलं, “आपण जमिनीवर बसलेले दिसता. बाक टणक आहेत हे आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. चाळीस गाद्या घेऊन येत आहोत.”

इकडे खणणारा रोज विहिरीत उतरत होता. त्याची बायको गावची सुईण. दोरीचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं झाडाला वेढा देऊन तिच्या हातात.

“आज नको ना उतरू,” ती रोज म्हणायची.

“मग पाणी कोण काढणार? गाद्या?” तो हसायचा. ती हसायची नाही. तो वर येईपर्यंत ती तिथून हलायची नाही, मग कुणी बाळंतपणाला बोलवायला येवो. पाच पावलांवर आम्ही चाळीस जण नुसते उभे. फार लाज वाटायची.

गाद्या आल्या. सोबत अध्यक्ष, चिटणीसबाई आणि नातसुद्धा. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात विहिरीकडून किंकाळी आली. कड ढासळली होती. सगळे धावले, दोरीला हात घातला. अध्यक्षही गुडघ्यांवर बसून ओढत होते, तळहात सोलून निघाले त्यांचे. खणणारा वर आला तो तोंडात वाळू घेऊन, पण जिवंत. बायकोनं त्याला आधी दोन रट्टे दिले, मग गळ्यात पडून रडली.

नात सुताराकडे वळली. “एवढं लाकूड पाठवलं होतं. वापरलं का नाही?”

सुतारानं मान खाली घातली. “तुमच्या आजोबांचा अपमान कसा करणार, बाई?”

मग तिनं त्याच्या पेटीतून पेचकस काढला, माझ्याजवळ आली आणि पट्टीचा पहिला स्क्रू फिरवायला लागली.

“ताई, अहो, स्मारक आहे ते!” अध्यक्ष कळवळले. “निदान समितीला तरी विचारू!”

“विचारायचं ते आजोबांना,” ती म्हणाली. “आणि ते असते तर करवतीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं असतं.”

आता मी फळ्या होऊन विहिरीत वीस हात खाली आहे. वाळू दिवसभर पाठीत रेटा देते, मी तिला रेटा देतो. समितीच्या अहवालात ‘आसनव्यवस्था पूर्ण’ असं छापून आलंय म्हणे. येऊ दे बापडं. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी फळ्या मागितल्या तर फळ्याच द्या. त्यांना काय हवंय ते त्यांना कळतं.

आम्हाला बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खणणारा खाली उतरला. सुईण काठावर आली. वरच्या फळीवर पाय आपटून बघितला, पुन्हा एकदा आपटला. वाळूचा कणही हलला नाही. मग तिनं दोरी झाडाला पक्की बांधली, खाली वाकून ओरडली, “येते रे, एकजण अडलीय तिकडे!” आणि झपाझप निघून गेली.