पाण्यातला बाळकृष्ण

“देवापुढे पदर पसर, वाटलं तर रड, पण त्याला अडवून धरू नकोस,” असं शोभनाची आई सांगायची. परदेशातल्या, फ्रीमाँटच्या टाउनहाउसमधल्या छोट्या देवघरापुढे बसताना ते बोलणं शोभनाच्या कानात असायचंच. अंघोळ, पूजा, मगच चहा, हा नेम तिनं कधी चुकवला नव्हता. गुरुवारचा उपवासही मोडला नव्हता.

तरीही नवऱ्याच्या, शंतनूच्या पोटातली गाठ काढली आणि घरी सोडताना, रिपोर्ट यायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले, त्या संध्याकाळी तिनं आईचं ऐकलं नाही. तांब्याच्या घंगाळात पाणी भरलं आणि पितळेचा रांगता बाळकृष्ण त्यात बुडवून ठेवला. चांगली बातमी आली की काढीन, तोवर राहा असाच. आजोळी मामी असेच देव पाण्यात ठेवायची, कुणाच्या परीक्षेला, कुणाच्या बाळंतपणाला.

शंतनूनं सोफ्यावर पडल्यापडल्या पाहिलं. “अगं, सर्दी होईल त्याला,” एवढंच म्हणाला.

पूजेचं सगळं बिनसलं. गंध लावायचं कुठे? नैवेद्य दाखवायचा तो काय पाण्याला? शोभना फोन बघायची, मग घंगाळात बघायची, पुन्हा फोन. आपण पूजा करतोय की पहारा देतोय, हे तिचं तिलाच कळेना.

एका दुपारी आठ वर्षांची अनिका शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून घंगाळात वाकली.

“आई, इज ही इन टाइम-आउट? शिक्षा केलीयस त्याला?”

बाबांचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून ठेवलाय, असं शोभनानं समजावलं. अनिकानं थोडा विचार केला.

“पण त्याने काय केलं?”

पोर खायला पळाली. शोभना घंगाळापाशी खाली बसली. मग तिनं हात पाण्यात घातला आणि मूर्ती बाहेर काढली. गुडघ्याच्या खाचेत काळसर डाग पडला होता. तो चिंचेनं घासला, मऊ फडक्यानं अंग पुसलं, कपाळाला गंध लावलं. रिपोर्टचं नावही काढलं नाही. “तुला कळतं सगळं. मला उभं तेवढं ठेव,” इतकंच म्हणाली.

शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला. शंतनूनं स्पीकर लावला. गाठ कॅन्सरची होती. पसरलेली नव्हती, पण केमो घ्यावी लागणार होती. असं काही कानावर पडलं तर आपण कोसळू, असं शोभनाला वाटत आलं होतं. पण तिनं शांतपणे विचारलं, सुरू कधी करायची, आणि त्यांना खायला काय चालेल. फोन ठेवल्यावर शंतनू तिच्याकडे बघतच राहिला.

केमोला न्यायचं-आणायचं कुणी, असा प्रश्न निघाला. शेजारचा विनय कधीचाच तयार होता.

“विनय चांगलाच आहे गं,” शंतनू म्हणाला, “पण त्या दिवशी मला तू हवीस. ड्राइव्ह तूच कर.”

शोभनाची गाडी शाळा, किराणा आणि देऊळ यापलीकडे जात नसे. लायसन्स मिळाल्यापासून ती भरधाव फ्रीवेवर चढली नव्हती, आणि हॉस्पिटलची वाट फ्रीवेवरूनच होती. शेजारून ट्रक गेला की तिचे हात गार पडत. हे शंतनूला पक्कं ठाऊक होतं.

“नेईन,” ती म्हणाली.

“हळू नेलंस तरी चालेल. केमो काही पळून जात नाही.”

दोघंही हसले, आणि हसताहसता तिनं डोळे पुसले.

रविवारी सकाळी पूजा आटोपली, चहा झाला. बापलेक अजून झोपलेले होते. शोभनानं आवाज न करता किल्ली उचलली, सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. तोंडानं नाम चालू होतं. कोपऱ्यावर रोजच्यासारखी उजवीकडे न वळता तिनं डावा सिग्नल दिला आणि गाडी फ्रीवेच्या दिशेला घेतली.