अकरा उंदरांवरची लाल रेघ

मी लाल पेन्सिल बोलतेय. पेन्सिल कसली, बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा उरलाय. आता बोलले नाही तर राहूनच जाईल.

एका डब्यातून आम्ही बाराजणी निघालो. बाकीच्या शाळेच्या वह्या तपासायला गेल्या असतील. माझ्या वाट्याला रेडिओ आला. दर शनिवारी सकाळी ‘नवं काय?’ नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. आकाशात, शरीरात, रानात, यंत्रांत जगाला जे नवं सापडलं, ते साध्या भाषेत सांगायचं. त्याच्या संपादिकेला सगळे ताई म्हणतात, तिचा सख्खा भाऊसुद्धा. ती मला अंबाड्यात खोचून ठेवायची आणि तशीच घरी जायची, त्यामुळे मी ऑफिस आणि घर दोन्ही जवळून पाहिलं.

माझं काम खोडायचं. लेखक लिहून आणायचा, ‘दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली!’ मी ते खोडायची आणि वर ताई लिहायची, ‘पाण्याच्या वाफेच्या खुणा दिसल्या असाव्यात.’ ‘यंत्र आता डॉक्टरांपेक्षाही हुशार’ या वाक्यातलं ‘यंत्र’ तेवढं उरलं. मुंग्या आपल्या जखमी सोबतिणींच्या जखमा चाटून साफ करतात, ही बातमी मात्र तिने तशीच जाऊ दिली. “हिला मीठमसाला लागतच नाही,” म्हणाली.

आरोग्याची बातमी असली की समासात दोन प्रश्न ठरलेले. कोणावर? किती जणांवर? उत्तर मिळेपर्यंत कागद स्टुडिओत जात नसे.

“ताई, तुम्ही बातमीतला जीवच काढून घेता हो,” निवेदक कुरकुरायचा.

“जीव नाही, फक्त हवा काढते,” ताई म्हणायची.

मला माझ्या कामाचा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

ताईचा धाकटा भाऊ पुस्तकं बांधायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल, खळीचं भांडं, मेण लावलेला दोरा आणि सुया. महिनाअखेरीला ताई कार्यक्रमाचे सगळे कागद घरी आणायची आणि तो ते शिवून द्यायचा. पण त्याची नजर कडेकडेने मिटत चालली होती. समोरचं दिसायचं, तेही नळीतून पाहिल्यासारखं, आणि बाजूला ठेवलेली कात्री चाचपडत शोधावी लागायची. हे थांबणारं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तो बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी शिकायला जायचा. “चाळिशीत पुन्हा बालवाडी!” अशी स्वतःचीच थट्टा करायचा, पण एक दिवस चुकवत नसे.

आणि मग तो कागद आला. नेमक्या त्याच आजाराबद्दल. डोळ्यात सोडलेल्या एका नव्या औषधाने मिटत चाललेली नजर परतली, असं लिहिलं होतं. लेखकाने या खेपेला खालचं वाक्यही चोख लिहिलं होतं: ‘हा प्रयोग अकरा उंदरांवर झाला असून माणसांवर अद्याप झालेला नाही.’

ताईने मला अंबाड्यातून काढलं. समासात प्रश्न लिहील म्हणून मी तयार होते. ती कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसली. मग तिने माझं टोक त्या खालच्या वाक्यावर टेकवलं आणि ते खोडून टाकलं.

“हे का काढलंत?” निवेदकाने विचारलं.

“वेळ पुरत नाही,” ताई म्हणाली.

वेळ भरपूर होता. मला ते ठाऊक होतं आणि रेघ मारणारी मीच होते. याची लाज मला अजून वाटते.

शनिवारी दोघं भावंडं स्वयंपाकघरात चहा घेत कार्यक्रम ऐकत होती. ती बातमी आली तसा त्याने कप खाली ठेवला.

“ताई, हे खरं?”

“रेडिओवर आलंय ना!” ती म्हणाली. पण त्याच्याकडे बघून नाही.

सोमवारी तो वर्गाला गेला नाही, मंगळवारीही नाही. “आता कशाला ते ठिपके? औषध आलंच आहे,” म्हणाला आणि शीळ घालत कामाला बसला. तीन आठवडे घरात ती शीळ होती. ताईचं जेवण मात्र कमी झालं होतं.

महिनाअखेर झाली. नेहमीच्या सवयीने तिने कागदांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. तिच्या लक्षातच आलं नाही, की मी शाईसारखी नाही. माझी रेघ खालचं अक्षर झाकत नाही. आणि त्याच्या नजरेला अजून सगळ्यात स्वच्छ दिसायचा तो लाल रंग.

त्याने कागद दिव्याखाली धरला, नाकाला लागेल इतका जवळ, आणि एकेक शब्द वाचला.

“ताई, अकरा उंदरांवर?”

ती दारात उभी होती.

“हे तू खोडलंस?”

“तुझा चेहरा बघवत नव्हता रे मला.”

“उंदरांचं काही नाही गं,” तो म्हणाला. “मी तीन आठवडे वर्ग बुडवला. माझ्याकडे किती आठवडे आहेत, तुला माहीत आहे ना?”

ताई तिथेच स्टुलावर बसली आणि रडली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “माझ्यासारखे आणखी किती जण खूश होऊन बसले असतील गं?” तिने डोळे पुसले आणि मला अंबाड्यातून काढलं.

आयुष्यभर मी खोडत आले. त्या दिवशी पहिल्यांदा अख्खा मजकूर लिहिला. पुढच्या शनिवारी तो निवेदकाने नाही, ताईनेच वाचला, कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला: “गेल्या महिन्यात सांगितलेलं डोळ्यांचं औषध फक्त अकरा उंदरांना दिलं होतं. माणसांना अजून नाही. ते वाक्य कागदावर होतं. मी खोडलं. जे उपचार, जे शिक्षण तुम्ही थांबवलं असेल, ते आजच पुन्हा सुरू करा.”

आता ती दर बुधवारी, कार्यक्रमाआधीच, सगळे कागद भावाला वाचून दाखवते. त्याला माझा लाल रंगही पुसटच दिसतो. तो मांडीवरच्या जाड पुस्तकातल्या ठिपक्यांवरून बोट फिरवत असतो, आणि मध्येच थांबून विचारतो, “कोणावर? किती जणांवर?”

मी फार तर आणखी चार बुधवार पुरेन. तुम्हीही कोणाच्या तोंडून काही नवं ऐकाल, तेव्हा हे दोन प्रश्न विचारा. विशेषतः सांगणारं माणूस तुमच्यावर जीव टाकणारं असेल, तर नक्की विचारा.